संशोधनाची आवड टिपणात कशी मांडावी? अल्जेब्राइक कॉम्बिनेटोरिक्समधील तीन वाटा

मेरुप्रस्तार (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात एम.एस्सी. पूर्ण करून मी यंदा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात आहे. कोर्सवर्क संपत आले असून गाईड निश्चित होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संशोधनाच्या आवडीविषयी दोन पानांचे टिपण विभागाकडे द्यायचे आहे. माझ्या मसुद्यात ‘मला अल्जेब्राइक कॉम्बिनेटोरिक्समध्ये काम करायचे आहे’ हे एक वाक्य आहे आणि त्याखाली वाचलेल्या विषयांची यादी आहे. आमच्या एका प्राध्यापकांनी ते वाचून सांगितले की हे विषयाचे नाव झाले, आवड नव्हे. त्यांचे म्हणणे मला पटले, परंतु पुढे काय लिहावे हे सुचत नाही.

मला या विषयाची ओढ कशी लागली ते आधी सांगते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी सिमेट्रिक ग्रुपची (काही वस्तूंच्या सर्व क्रमचयांच्या गटाची) रिप्रेझेंटेशन थिअरी, म्हणजे गटाचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात मांडण्याची रीत, शिकले आणि तेथे फ्रेम, रॉबिन्सन आणि थ्रॉल यांचे १९५४ चे हुक सूत्र भेटले. पाच चौकटींची एक आकृती घ्या, वरच्या ओळीत तीन आणि खालच्या ओळीत दोन. प्रत्येक चौकटीत तिच्या उजवीकडच्या व खालच्या चौकटींची संख्या अधिक एक असा आकडा लिहिला, तर वर ४, ३, १ आणि खाली २, १ येतात. त्यांचा गुणाकार २४ आणि ५ चे फॅक्टोरियल १२०, म्हणून भागाकार ५. या आकृतीत १ ते ५ हे आकडे ओळीत आणि स्तंभात चढत्या क्रमाने भरण्याच्या रीतीही बरोबर पाचच आहेत, आणि संबंधित रिप्रेझेंटेशनची मिती तीच आहे. भागाकार दर वेळी पूर्णांकच यावा, हे सूत्राकडे नुसते पाहून कळत नाही. पुढे चार चौकटींच्या सर्व आकृत्यांसाठी हे आकडे मी काढले, तर १, ३, २, ३, १ आले, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २४ म्हणजे ४ चे फॅक्टोरियल झाली. रॉबिन्सन, शेन्स्टेड आणि क्नुथ यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडणी, ज्यात प्रत्येक क्रमचयाला टॅब्लोंची (अशा आकडे भरलेल्या आकृत्यांची) एक जोडी मिळते, ती याच समानतेचा उलगडा करते हे समजले, तेव्हापासून दुसऱ्या कशात मन लागलेले नाही.

सध्या तीन दिशा मला खुणावतात. पहिली सिमेट्रिक ग्रुपची टेन्सर प्रॉडक्ट आणि क्रोनेकर सहगुणक, दुसरी ग्राफची (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांची) क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शन, आणि तिसरी मॅट्रॉइड (ग्राफ व सदिश यांतील अवलंबनाचे सामान्य रूप) व लॉग-कॉन्केव्हिटी, ज्यावरील कामासाठी जून ह यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. टिपणात तिन्ही लिहावीत की एकच? आणि या प्रत्येकासाठी मला आणखी किती बीजगणित शिकावे लागेल? ज्यांनी या वाटेवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गणित_शिक्षक

तुमच्या टिपणात जे यायला हवे ते तुम्ही या प्रश्नाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे. ‘भागाकार दर वेळी पूर्णांकच का यावा’ हा अल्जेब्राइक कॉम्बिनेटोरिक्सचा अस्सल प्रश्न आहे. एखादी संख्या पूर्णांक आहे, ती ऋण नाही, याची हमी बीजगणित देते, कारण ती कशाची तरी मिती असते किंवा एखादा घटक किती वेळा येतो ते सांगते. मात्र ती संख्या नेमकी कोणत्या वस्तूंची मोजदाद आहे हे बीजगणित सांगत नाही आणि ते शोधणे हे आपले काम असते. कधी उलटेही घडते, म्हणजे मोजदाद हाती असते पण तिच्या मागे कोणती बीजगणिती रचना उभी आहे हे ठाऊक नसते. तुमच्या तिन्ही दिशा या एकाच प्रश्नाच्या आहेत आणि टिपणाचा कणा तोच असावा.

तिन्हींपैकी एकच निवडायची तर मी क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शन निवडेन. त्याचे कारण एका उदाहरणावरून सांगतो, कारण या विषयात लहान उदाहरण हाताने सोडवल्याशिवाय मत बनवू नये असे मला वाटते.

चार शिरोबिंदूंचे ट्री, म्हणजे चक्र नसलेले सलग जोडलेले ग्राफ, दोनच आहेत. एकात चारही बिंदू एका रांगेत जोडलेले असतात, त्याला पाथ म्हणतात. दुसऱ्यात एका मधल्या बिंदूला तीन बिंदू जोडलेले असतात, त्याला क्लॉ म्हणतात. शेजारच्या बिंदूंना एकच रंग न देता क्यू रंगांनी हे रंगवायचे, तर दोघांचीही क्रोमॅटिक बहुपदी क्यू(क्यू−१)³ हीच येते. म्हणजे नुसत्या रंगवण्याच्या रीती मोजून हे दोन ट्री वेगळे ओळखता येत नाहीत. १९९५ मध्ये रिचर्ड स्टॅन्ली यांनी प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चल घेऊन किती बिंदूंना कोणता रंग दिला याचीही नोंद ठेवली, आणि बहुपदीऐवजी सिमेट्रिक फंक्शन मिळवले. ते एलिमेंटरी सिमेट्रिक फंक्शनच्या बेसिसमध्ये लिहिले (ई(३) म्हणजे वेगवेगळ्या तीन चलांच्या सर्व गुणाकारांची बेरीज, आणि ई(३,१) म्हणजे ई(३) गुणिले ई(१)), तर पाथसाठी २ई(२,२) + २ई(३,१) + ४ई(४) येते आणि क्लॉसाठी ई(२,१,१) − २ई(२,२) + ५ई(३,१) + ४ई(४) येते. दोन्ही ट्री आता स्पष्ट वेगळे दिसतात.

येथे थांबून क्लॉमधील उणे दोनकडे नीट पाहा. स्टॅन्ली यांचे एक प्रमेय असे की, ज्या पदांत ‘म’ इतके भाग (कंसातील आकडे) आहेत त्यांच्या सहगुणकांची बेरीज ही ग्राफच्या कडांना चक्र न बनवता दिशा देण्याच्या अशा रीतींची संख्या असते, ज्यांत बरोबर ‘म’ इतके बिंदू असे आहेत की त्यांच्यातून एकही बाण बाहेर जात नाही (अशा बिंदूला सिंक म्हणतात). क्लॉच्या कडांना दिशा देण्याच्या रीती आठ. त्यांतील एकच असा बिंदू असलेल्या चार, दोन असलेल्या तीन आणि तीन असलेली एक. सहगुणकांकडे पाहिले तर एका भागासाठी ४, दोन भागांसाठी ५ − २ म्हणजे ३, तीन भागांसाठी १. बेरजा बरोबर जुळतात, पण त्या बेरजेच्या आत एक ऋण संख्या आहे. पाथमध्ये ती नाही. हा फरक का पडावा, या प्रश्नाशीच स्टॅन्ली आणि स्टेंब्रिज यांची १९९३ ची अटकळ जोडलेली आहे. तिचे म्हणणे असे की, ज्या पोसेटमध्ये (काही जोड्यांचीच तुलना होऊ शकते अशा क्रमित संचात) तीन घटकांची साखळी आणि त्या तिघांपैकी कोणाशीही तुलना न होणारा चौथा घटक अशी रचना सापडत नाही, त्याच्या ‘तुलना होत नाही’ या संबंधाच्या ग्राफसाठी एकही सहगुणक ऋण नसतो. ही निषिद्ध रचना ग्राफच्या भाषेत आपला क्लॉच आहे. २०२४ मध्ये तात्सुयुकी हिकिता यांनी या अटकळीची सिद्धता मांडली. एवढ्या जुन्या अटकळीची सिद्धता आली म्हणून विषय संपला असे मानू नका. विद्यार्थ्यासाठी तर हा सर्वात चांगला काळ असतो, कारण नवे तंत्र हाती आलेले असते आणि ते कोठवर चालते हे अजून पुरते तपासलेले नसते.

ट्रीसंबंधीचा स्टॅन्ली यांचा प्रश्न मात्र उघडाच आहे : दोन ट्रींचे क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शन सारखे असेल, तर ते दोन ट्री एकच असतात का? २९ शिरोबिंदूंपर्यंत संगणकाने पडताळणी झाली आहे आणि उत्तर होकारार्थी आले आहे. सर्वसाधारण सिद्धता नाही. ट्रींच्या विशिष्ट कुटुंबांसाठी अनेक निष्कर्ष आहेत आणि त्यांतील एखादे कुटुंब थोडे वाढवणे हे पीएच.डी.च्या पहिल्या कामासाठी आवाक्यातले आहे.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक सांगतो. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केले. बीजगणितीय भूमितीत ख्याती मिळवलेल्या या माणसाने १९८० च्या दशकात यंग टॅब्लो मोजण्याच्या कामाला वाहून घेतले, कारण मॅट्रिक्सच्या मायनर्सपासून बनणाऱ्या आयडियलविषयीचे प्रश्न त्यांना टॅब्लोंच्या मोजणीतून सोडवायचे होते. त्यांचे विद्यार्थी आणि आयआयटी मुंबईतील प्राध्यापक सुधीर घोरपडे यांच्या कामातही बीजगणितीय भूमिती, कोडिंग थिअरी आणि कॉम्बिनेटोरिक्स एकत्र दिसतात. टॅब्लोंकडे केवळ सिमेट्रिक ग्रुपच्या खिडकीतून पाहण्याची सवय लागली असेल, तर ही दुसरी बाजू जरूर पाहा. तुमच्या शहरातच ती परंपरा आहे.

उत्तररात्र

मी युरोपात पोस्टडॉक आहे आणि माझे काम क्रोनेकर सहगुणकांच्या जवळपासचे आहे. सरांच्या कण्याविषयीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु ट्रींच्या प्रश्नाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. विशिष्ट कुटुंबांवरचे काम करता करता विद्यार्थ्याकडे युक्त्या जमतात, सिद्धांत जमत नाही, आणि पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत सिद्धांत शिकून घेतला नाही तर पुढे तेवढी सवड मिळत नाही. ज्याला रिप्रेझेंटेशन थिअरी आधीच आवडते, त्याने ती सोडून जाऊ नये.

क्रोनेकर सहगुणक म्हणजे काय, हे तीन वस्तूंच्या सिमेट्रिक ग्रुपवरही दिसते. त्याच्या द्विमितीय रिप्रेझेंटेशनचा कॅरॅक्टर (मॅट्रिक्सच्या कर्णावरील आकड्यांची बेरीज) एकक, दोन वस्तूंची अदलाबदल आणि तिघांचे चक्र यांवर २, ०, −१ असा आहे. त्याचा स्वतःशीच टेन्सर प्रॉडक्ट घेतला की कॅरॅक्टर ४, ०, १ होतो. ट्रिव्हिअल या एकमितीय रिप्रेझेंटेशनशी आंतरगुणाकार काढला तर चार, शून्य आणि दोन वेळा एक, भागिले सहा, म्हणजे १, साइन या दुसऱ्या एकमितीयाशीही १, आणि मूळ द्विमितीयाशी आठ वजा दोन भागिले सहा, म्हणजे पुन्हा १. चार मितीचे घर एक, एक आणि दोन अशा खोल्यांत विभागले गेले. हे एकचे आकडे म्हणजे क्रोनेकर सहगुणक. मर्नाघन यांनी १९३८ मध्ये यांचा अभ्यास सुरू केला आणि आजही, कोणत्याही तीन आकृत्या दिल्या असता हा आकडा अमुक वस्तूंची संख्या आहे, असे सांगणारा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही.

याच्या शेजारच्या प्रश्नाशी तुलना करून पाहा. लिटलवुड आणि रिचर्डसन यांनी १९३४ मध्ये दुसऱ्या एका गुणाकारासाठी टॅब्लो मोजण्याचा नियम दिला, ज्याची पूर्ण सिद्धता १९७० च्या दशकात झाली. पुढे १९९९ मध्ये क्नुटसन आणि टाओ यांनी त्या सहगुणकांविषयीची सॅच्युरेशन अटकळ (तिन्ही आकृत्या एकाच पटीत मोठ्या केल्यावर सहगुणक शून्य नसेल, तर मुळातही तो शून्य नसतो) सिद्ध केली, आणि त्याच्या आधारे केतन मुळमुळे, हरिहरन नारायणन आणि मिलिंद सोहोनी यांनी दाखवून दिले की असा सहगुणक शून्य आहे की नाही हे पॉलिनॉमिअल वेळात, म्हणजे संगणकाला झटपट, ठरवता येते. त्याच सहगुणकाचे मूल्य काढणे मात्र नारायणन यांच्याच २००६ च्या निष्कर्षानुसार फार अवघड आहे. मोजायला अवघड आणि तरीही शून्य आहे का हे ओळखायला सोपे, हा प्रकार मला अजूनही विलक्षण वाटतो. क्रोनेकरच्या बाबतीत ती सोयही नाही. इकेनमेयर, मुळमुळे आणि वॉल्टर यांनी २०१७ मध्ये दाखवले की तो सहगुणक धन आहे की नाही हे ठरवणेसुद्धा एनपी-हार्ड आहे, म्हणजे ज्यांना झटपट रीत ठाऊक नाही अशा प्रश्नांइतके अवघड आहे.

वरील नावांतील मुळमुळे शिकागोचे आणि सोहोनी आयआयटी मुंबईचे. या दोघांनी २००१ पासून जिऑमेट्रिक कॉम्प्लेक्सिटी थिअरी नावाचा जो कार्यक्रम मांडला, त्यामुळे हे सगळे सहगुणक संगणकशास्त्राच्या केंद्रस्थानी आले. डिटर्मिनंट झटपट काढता येतो; दिसायला तसाच असलेला, पण सर्व पदे अधिक चिन्हानेच घेणारा पर्मनंट मात्र झटपट काढता येत नाही असे सर्वांना वाटते, पण सिद्ध करता येत नाही. दोहोंच्या सममितींमधून येणाऱ्या रिप्रेझेंटेशनची तुलना करून हा फरक सिद्ध करावा, अशी त्यांची कल्पना आहे. त्यातील सर्वात सरळ मार्ग, म्हणजे एखादे रिप्रेझेंटेशन एका बाजूला येते आणि दुसऱ्या बाजूला मुळीच येत नाही असे दाखवणे, तो पुरेसा ठरणार नाही हे ब्यूर्गिसर, इकेनमेयर आणि पानोव्हा यांनी सिद्ध केले आहे. ते किती वेळा येते याची तुलना करण्याचा मार्ग अजून खुला आहे.

तुम्हाला टिपणासाठी सूचना करायची तर ‘क्रोनेकर सहगुणकांचा नियम शोधणे’ असे ध्येय लिहू नका. असा नियम अस्तित्वातच नसेल अशी शंका इगोर पाक यांच्यासारखे लोक गंभीरपणे मांडत आहेत. त्याऐवजी मर्यादित प्रश्न लिहा. एक आकृती हुकच्या आकाराची (एक ओळ आणि एक स्तंभ) असेल तर काय होते, दोन आकृत्यांत दोनच ओळी असतील तर काय होते, पहिली ओळ लांबवत नेली की सहगुणक कोठे स्थिर होतो. या प्रत्येक प्रश्नावर चांगले काम झालेले आहे आणि शिकण्यासारखे बरेच आहे. त्यासाठी लागणारे बीजगणित तुमच्याकडे बहुतेक आहेच. जनरल लिनिअर ग्रुपची रिप्रेझेंटेशन थिअरी आणि तिला सिमेट्रिक ग्रुपशी जोडणारे शूर–वाइल द्वैत तेवढे पक्के करा.

कोडवही

वरील दोन्ही उत्तरांत सेजमॅथचा उल्लेख आला नाही, म्हणून थोडे लिहितो. ही गणिती संगणक-प्रणाली मोफत आहे, तीत सिमेट्रिक फंक्शनचे सर्व नेहमीचे बेसिस तयार आहेत, क्रोनेकर प्रॉडक्ट एका आज्ञेत निघतो आणि ग्राफचे क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शनही थेट काढता येते. दहा शिरोबिंदूंचे ट्री १०६ आहेत. त्या सर्वांची फंक्शन काढून तुलना करणे साध्या लॅपटॉपवर जमते. मात्र चार आणि पाच बिंदूंची उदाहरणे आधी कागदावर करा आणि मग प्रोग्रॅमचे उत्तर त्यांच्याशी जुळवा. बेसिसच्या नावांत गल्लत झाली तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, निमूटपणे दुसरेच उत्तर देतो.

मॅट्रॉइडबद्दल कोणी लिहिले नाही, तर तेही सांगतो. चार बिंदूंच्या चक्राच्या क्रोमॅटिक बहुपदीचे सहगुणक चिन्हे सोडून १, ४, ६, ३ आहेत. चारचा वर्ग १६, तो सहापेक्षा मोठा. सहाचा वर्ग ३६, तो बारापेक्षा मोठा. मधल्याचा वर्ग शेजाऱ्यांच्या गुणाकाराहून कधीच लहान नसतो (हीच लॉग-कॉन्केव्हिटी), हे सर्व ग्राफसाठी ह यांनी २०१२ मध्ये आणि सर्व मॅट्रॉइडसाठी अडिप्रासितो, ह आणि काट्झ यांनी २०१८ मध्ये सिद्ध केले. विधान शाळकरी मुलाला सांगता येईल असे आहे, पण सिद्धतेच्या मुळाशी हॉज थिअरी आहे. बीजगणितीय भूमितीचा एकही कोर्स झाला नसेल तर टिपणात हा विषय मुख्य म्हणून लिहू नये.

मेरुप्रस्तार

आपणा सर्वांचे मनापासून आभार. क्लॉ आणि पाथ या दोन्हींची फंक्शन मी कागदावर स्वतः काढली आणि दिशा देण्याच्या आठही रीती काढून बेरजा जुळवल्या. पाथमध्ये एक भागासाठी ४ आणि दोन भागांसाठी २ अधिक २ म्हणजे ४ येतात, आणि तीन सिंक असलेली एकही रीत नाही, हेही दिसले. आता टिपणाचा मुख्य परिच्छेद मी असा लिहिला आहे :

‘सिमेट्रिक फंक्शन एखाद्या बेसिसमध्ये लिहिल्यावर जे सहगुणक ऋण नसतात, ते कोणत्या वस्तूंची मोजदाद करतात, या प्रश्नात मला रस आहे. क्लॉ या ग्राफच्या क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शनमध्ये ऋण सहगुणक येतो, परंतु भागांच्या संख्येनुसार घेतलेल्या बेरजा धनच राहतात. ज्या ग्राफमध्ये प्रत्येक सहगुणक स्वतंत्रपणे धन असतो, तेथे चक्ररहित दिशांची विभागणी भागांच्या संख्येपेक्षा अधिक बारकाईने करता येते का, हे मला पाहायचे आहे. सिमेट्रिक ग्रुपच्या रिप्रेझेंटेशनचे माझे ज्ञान या प्रश्नासाठी उपयोगी पडेल असे वाटते, परंतु तो संबंध मला अजून शिकायचा आहे.’

माझी शंका शेवटच्या वाक्याविषयी आहे. या ग्राफचा सिमेट्रिक ग्रुपशी खरोखर संबंध आहे का, की मी केवळ माझ्या आवडीचे दोन विषय एकत्र बांधते आहे?

गणित_शिक्षक

संबंध खरा आहे आणि खोल आहे. शॅरेशियन आणि वॉक्स यांनी क्रोमॅटिक सिमेट्रिक फंक्शनमध्ये आणखी एक चल घालून त्याचे परिष्कृत रूप तयार केले आणि अशी अटकळ मांडली की, युनिट इंटरव्हल ग्राफसाठी (रेषेवरील एकक लांबीच्या खंडांपैकी एकमेकांना छेदणारे जोडून बनणाऱ्या ग्राफसाठी) हे फंक्शन हेसेनबर्ग व्हरायटी नावाच्या अवकाशांच्या कोहोमॉलॉजीवर (त्यांना जोडलेल्या बीजगणिती रचनेवर) सिमेट्रिक ग्रुपची जी क्रिया आहे तिचेच वर्णन करते. ब्रॉस्नन आणि चाऊ यांनी ती अटकळ सिद्ध केली, आणि गे-पाके यांनी वेगळ्या मार्गाने सिद्ध केली. स्टॅन्ली–स्टेंब्रिज अटकळीचा प्रश्न युनिट इंटरव्हल ग्राफपुरता सोडवला तरी पुरतो, हेही गे-पाके यांनीच आधी दाखवले होते. म्हणजे तुम्ही ज्या सहगुणकांविषयी विचारत आहात ते एका रिप्रेझेंटेशनचे तुकडे करतानाच निघतात. या रिप्रेझेंटेशनला विशिष्ट प्रकारच्या क्रमचय-क्रिया एकत्र जोडून उभे करता येईल का, हा प्रश्न त्यातून लगेच पुढे येतो, आणि तुमच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पानंतर तो तुम्हाला वाचताच समजेल.

परिच्छेदातील ‘उपयोगी पडेल असे वाटते’ हे काढा आणि त्या जागी हेसेनबर्ग व्हरायटीवरील सिमेट्रिक ग्रुपची क्रिया शिकण्याचा बेत स्पष्ट लिहा. ‘अधिक बारकाईने’ या शब्दांपुढे पाथचे उदाहरण द्या : दोन सिंक असलेल्या चार दिशांपैकी कोणत्या दोन (२,२) च्या वाट्याला जाव्यात आणि कोणत्या दोन (३,१) च्या, हे ठरवण्याचा एखादा स्वाभाविक नियम तुम्हाला सापडतो का ते आधी स्वतः शोधा, जे सापडेल ते चार ओळींत लिहा, आणि मग पाच बिंदूंच्या पाथवर तोच नियम टिकतो का ते तपासून टिपण विभागाकडे द्या.